गालातली गोड काडी

आमच्या शाळेत वर्षातून एकदा आरोग्य तपासणी होते. मुलांची झाली की उरलेल्या वेळात शिक्षकांची उरकतात. मी नगरच्या सावेडी भागातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. वय सव्वीस, वजन गरजेपेक्षा कमीच. त्यामुळे बीपीच्या रांगेत उभी असताना मला फक्त एकच काळजी होती, ती म्हणजे वर्गाच्या चित्रकलेच्या वह्या तपासायच्या राहिल्यात.

मोजणाऱ्या मॅडमनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, हवा सोडली आणि परत फुगवला. मग दुसरा हात मागितला.

"जिना चढून आलात का आत्ता?"

"नाही."

"टेन्शन आहे का कसलं?"

मागे रांगेत सगळ्या शिक्षिका उभ्या होत्या. त्यांच्यासमोर असल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, एवढंच टेन्शन मला त्या क्षणी होतं. मी नाही म्हणून मान हलवली.

"एकशे सत्तरवर एकशे चार," मॅडम म्हणाल्या. हळू बोलल्या, पण मागे ऐकू गेलं.

"हिला बीपी? अहो, ही तर स्टाफरूममध्ये तोंडसुद्धा उघडत नाही!"

"म्हणूनच झालं. आमच्यासारखं भांडून मोकळं व्हावं माणसानं."

सगळ्या हसल्या. मीही हसले. तपासताना तोंडात काही असू नये म्हणून मी गालातली ज्येष्ठमधाची काडी काढून रुमालात गुंडाळली होती. खुर्चीवरून उठल्यावर ती परत तोंडात टाकली आणि वर्गात गेले.

ही काडी पुढे येणार आहे. वाचणाऱ्याला कदाचित आत्ताच अंदाज येईल. मला यायला फार वेळ लागला, आणि मधल्या काळात मी किती गोंधळले होते तेच मुख्यतः सांगायचं आहे. शाळेनंतर मराठीत इतकं लांब मी पहिल्यांदाच लिहितेय. चुका असतील. पण जिला हे वाचता यायला हवं, तिला इंग्रजी येत नाही.

काडी कुठून आली

माझा आवाज बारीक आहे. दुसरीची मुलं मात्र मोठ्या आवाजाची असतात. नोकरी लागल्यावर महिन्याभरातच माझा घसा बसला, तो दर आठवड्याला बसू लागला. तेव्हा आत्या घरी आली होती. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. पाथर्डी तालुक्यात एका वाडीवर राहते. तिने माझा आवाज ऐकला आणि कमरेच्या पिशवीतून एक पिवळट, तंतूतंतूची काडी काढून माझ्या हातावर ठेवली.

"हे गालात धर. चावू नगं, नुस्तं धर. रस गिळत ऱ्हा. म्या उसाच्या फडात दिसभर वराडायची, पर माजा आवाज कदी बसला न्हाई, तो ह्याच्यामुळं."

आत्या आणि तिचा नवरा दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, एका हंगामात फडातच लकवा होऊन पडले. त्यांना बीपी होतं, हे सगळ्यांना नंतर कळलं. मामा गेले. आता आत्याचा मुलगा आणि सून ऊसतोडीला जातात, आत्या घर आणि शेळ्या सांभाळते.

काडीची चव गोड होती आणि घशाला खरंच बरं वाटायचं. दर बाजारच्या दिवशी आत्या जडीबुटीवाल्याकडून काड्या घेऊन ठेवायची आणि कुणी नगरला येत असलं की पाठवायची. मी वर्गात एक, मधल्या सुट्टीत एक, घरी येताना एक असं करत गेले. आणखी एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. तोंडात काडी असली की बोलावं लागत नाही. स्टाफरूममध्ये कुणी काही विचारलं तर गालाकडे बोट दाखवून मान हलवता येते. माझ्यासारखीला ही फार मोठी सोय होती.

बिनमिठाचं घर

शाळेतला आकडा मशीनची चूक असेल असं घरी ठरलं. मग आमच्या कॉलनीतल्या काकांकडे मशीन आहे, तिथे मोजलं. जास्तच आलं. मेडिकलवाल्याकडे मोजलं तर थोडं कमी आलं, म्हणून मम्मीने त्या मेडिकलवाल्याचं फार कौतुक केलं. शेवटी डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर मॅडमना माझं बोलणं ऐकून मी इंग्रजी माध्यमातली असल्याचं कळलं आणि त्या सगळं इंग्रजीत सांगू लागल्या. मम्मी शेजारी बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. या वयात एवढं बीपी सहसा आपोआप वाढत नाही, मागे काहीतरी कारण असू शकतं, किडनी, हार्मोन्स, बरंच काही, ते शोधावं लागेल, असं त्या म्हणाल्या.

"काय म्हणतायत?" मम्मीने विचारलं.

"थोडं वाढलंय म्हणतायत," मी म्हणाले.

मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, कुठली औषधं चालू आहेत का? स्टिरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या, हर्बल काही? मी नाही म्हणाले. मी खोटं बोलत नव्हते. औषध म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर बाटली येते, पाकीट येतं, त्यावर छापलेलं नाव येतं. आत्याची काडी त्यात नव्हतीच. बडीशेप खाता का, असं विचारल्यासारखं ते झालं असतं.

गोळी सुरू झाली. किडनीची सोनोग्राफी झाली, ती चांगली आली. हृदयाची तपासणी झाली, तीही चांगली आली. प्रत्येक चांगल्या रिपोर्टबरोबर माझा गोंधळ वाढत गेला. सगळं चांगलं असेल तर मग वाईट काय आहे?

मम्मीने ताबा घेतला. घरातलं लोणचं माळ्यावर गेलं, पापडाचा डबा शेजारी गेला. भाजीत मीठ बंद. माझ्या एकटीच्या भाजीत नाही, सगळ्यांच्याच. "एकीला वेगळं कशाला, तिला वाईट वाटेल," असं तिचं म्हणणं. पप्पा दोन दिवस गप्प जेवले. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी आणली आणि स्कूटरच्या डिकीत ठेवली. जेवायच्या आधी ते "जरा गाडी बघून येतो" म्हणून खाली जायचे.

"अहो, गाडीला काय झालंय रोज रोज?"

"चोक धरतेय."

मला हसू यायचं आणि रडूही. माझ्यामुळे घरात माणसं चटणी चोरून खातायत.

सल्ले तर सगळीकडून येत होते. रोज चाल. नको, चालू नकोस, हार्टवर जोर येतो. लसूण खा. तांब्याच्या भांड्यातलं पाणी पी. तांब्याचं बंद कर. डाव्या कुशीवर झोप. मी सगळं ऐकायचे आणि जमेल तेवढं करायचे. पहाटे कॉलनीच्या मैदानात फेऱ्या मारायचे. झोप लवकर, मोबाईल बाहेरच्या खोलीत. फोनवर इंग्रजीत वाचायचे, तर तिथे प्रत्येक पानाच्या शेवटी कुठलातरी भयंकर आजार असायचाच. बीपी मात्र जागचं हलत नव्हतं. डॉक्टरांनी दुसरी गोळी जोडली.

मम्मीने एकदा भांडी लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हटलं, "बाहेर कुणाला सांगू नकोस हं. सव्विसाव्या वर्षी दोन गोळ्या. एकदा नाव पडलं की निघत नाही."

मी विचारलं नाही, कसलं नाव. पण तेव्हापासून मला एकच प्रश्न पडायचा. हे जन्मभर आहे का? मामांसारखं मीही एक दिवस वर्गात, मुलांसमोर, फळ्याजवळ पडणार आहे का?

जिना

आमचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. एका सकाळी मुलांची रांग वर नेताना अर्ध्या जिन्यात माझे पाय थांबले. दुखत नव्हते, नुसते थांबले. वर उचलायचा हुकूम मी दिला आणि मांड्यांनी तो ऐकलाच नाही. छातीत काहीतरी चुकल्यासारखं धडधडत होतं. एक ठोका, मग रिकामं, मग दोन एकदम.

"टीचर, यू आर ब्लॉकिंग," मागून एक मुलगी म्हणाली.

मी कठड्याला धरून बाजूला झाले आणि सगळ्या रांगेला पुढे जाऊ दिलं. मग तिथेच पायरीवर बसले. शेजारच्या वर्गाच्या टीचरनी मला पाहिलं. त्यांनी पप्पांना फोन केला. मला विचारलं असतं तर मी नको म्हणाले असते.

रक्त तपासल्यावर पोटॅशियम फार खाली गेलेलं निघालं. डॉक्टर मॅडमनी लगेच ॲडमिट व्हायला सांगितलं. त्या या वेळी मराठीत बोलल्या, मम्मीकडे बघून. "हे हृदयाच्या ठोक्यांसाठी बरं नाही. घरी पाठवता येणार नाही." मला भाषांतर करायला काही उरलं नव्हतं. मम्मीने माझा हात धरला तो इतका घट्ट की सिस्टरला सुई लावायला दुसरा हात घ्यावा लागला.

वॉर्ड

पोटॅशियमचं सलाईन जळजळतं. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगते. ज्या शिरेतून जातं ती शीर आतून भाजल्यासारखी वाटते. सिस्टरला सांगितलं तर त्या वेग कमी करतात. मी पहिला अर्धा दिवस सांगितलंच नाही. सांगायचं असतं हे मला माहीत नव्हतं.

शेजारच्या कॉटवर शनिशिंगणापूरच्या एक काकू होत्या, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि माझ्या वतीने ओरडल्या, "सिस्टर, ह्या पोरीचा हात पेटलाय, तिच्याच्यानं बोलवंना, तुमी तरी बघा की!"

वॉर्डची दिनचर्या दोन दिवसांत अंगवळणी पडली. पहाटे बीपी, मग रक्त, मग चहा, मग झाडू, मग राउंड. प्रत्येक वेळी नवा माणूस तोच प्रश्न विचारायचा आणि मी तेच उत्तर द्यायचे. बाथरूमच्या दाराची कडी तुटलेली होती. मी आंघोळच टाळत होते. काकूंच्या ते लक्षात आलं.

"आमच्या गावात घरांना दारं नसत्यात, हे समद्या जगाला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "पर मोरीला पडदा तरी असतो गं! ह्यांनी दार लावलंय आन् कडी इसरले. जा तू, म्या भाईर बसते. शनिदेव राखतो तशी राखते."

आणि खरंच, छातीला वायर लावलेल्या त्या बाई स्टूल घेऊन बाथरूमबाहेर बसल्या. आत मी कोमट पाण्याने आंघोळ करताना बाहेरून त्यांचा आवाज येत होता, "हां, थांबा, आत लेडीज हाय." त्या आजारपणातला तेवढाच वेळ मला अजिबात भीती वाटली नाही.

एक गोष्ट मात्र कुणालाच कळत नव्हती. सलाईन चालू असूनही पोटॅशियम हवं तसं चढत नव्हतं. थोडं वर यायचं, परत खाली. राउंडला आलेले डॉक्टर कागद बघून एकमेकांशी बोलायचे. मी त्यांचे सगळे शब्द ओळखत होते आणि अर्थ एकाचाही लागत नव्हता. ॲड्रिनल ग्रंथीचा स्कॅन करू, पुण्याला पाठवावं लागेल कदाचित, असं कानावर आलं. ते मी मम्मीला सांगितलं नाही.

अनोळखी माणसांनी भरलेल्या खोलीत मी जे नेहमी करते तेच करत होते. पर्समधली पुडी उशीखाली ठेवली होती आणि एकामागून एक काडी गालात धरत होते.

मॅडम कॉटवर बसल्या

तिसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टर मॅडम एकट्याच आल्या. त्यांनी काहीतरी विचारलं आणि मी सवयीने गालाकडे बोट दाखवलं.

"काय खाताय?"

मी काडी काढून दाखवली. "ज्येष्ठमध. घशासाठी."

त्यांनी काडी हातात घेऊन पाहिली. मग कॉटच्या कडेवर बसल्या. डॉक्टर कॉटवर बसतात हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"रोज?"

"हो."

"दिवसातून किती वेळा?"

मी विचार केला. "मोजलं नाही. बहुतेक वेळ असतेच."

"किती दिवसांपासून?"

"नोकरी लागल्यापासून."

"मी तुम्हाला विचारलं होतं, हर्बल काही घेता का."

"हो मॅडम, पण हे... हे तर आत्या देते."

मला वाटलं त्या चिडतील. पण त्या हसल्या, आणि ते हसू थकलेलं होतं. त्यांनी मला आणि मम्मीला, मराठीत, अगदी साध्या शब्दांत सांगितलं. ज्येष्ठमध थोडं, कधीतरी, बहुतेकांना चालतं. पण रोज, खूप, महिनोन्‌महिने घेतलं तर काही माणसांच्या शरीरात ते मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम बाहेर घालवतं आणि बीपी चढवतं. तुमच्या बाबतीत हेच झालं असावं. "असावं म्हणतेय," त्यांनी बोट वर केलं. "आधी हे बंद करा. गोळ्या बंद करायच्या नाहीत. ते मी ठरवेन. मग बघू काय उरतं ते."

मी उशीखालची पुडी त्यांच्या हातात दिली. मला आनंद व्हायला हवा होता. मम्मी तर रडायलाच लागली, जन्मभराचं नाही म्हणून. मी मात्र मॅडमच्या हातातल्या पुडीकडे बघत होते. इतके दिवस मी माझ्या शरीराला दोष देत होते, घरातल्यांनी मिठाला दिला, शाळेतल्यांनी माझ्या गप्प बसण्याला दिला. आणि ज्या एका गोष्टीने मला बरं वाटत होतं, तीच दोषी होती.

काकूंनी सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "गोड गोड बोलून घात म्हनत्यात तो ह्योच काय?" आणि स्वतःच खो खो हसल्या. सिस्टर धावत आली, त्यांच्या मॉनिटरने आवाज केला म्हणून.

कुणी सांगायचं

घरी आल्यावर बिनमिठाचे दिवस संपतील असं पप्पांना वाटलं होतं. पण त्याऐवजी भांडण आलं.

"तुमच्या ताईंनी पोरीला मारली असती!" मम्मी म्हणाली.

"तिला काय माहीत?"

"माहीत नव्हतं तर द्यायचं कशाला? दर महिन्याला पुडी, दर महिन्याला पुडी. मी एक लाडू पाठवला तर त्यांना माझ्या हातचा चालत नाही!"

"तिला सांगायचं नाही," पप्पा म्हणाले. त्यांनी एवढ्या ठामपणे बोललेलं मी क्वचितच ऐकलंय. "दाजी गेल्यापासून ती स्वतःला खातेय, की आपल्याला वेळेवर कळलं नाही म्हणून. त्यात हे नको."

"मग मी सांगते ना. फोन द्या इकडे."

"तू तर मुळीच नको."

मी दोघांच्या मध्ये सोफ्यावर बसले होते. मला पप्पांचं पटत होतं. आत्याला कशाला दुखवायचं? काडी बंद झाली, बीपी उतरू लागलं, विषय संपला. तेवढ्यात मला आत्याचा चेहरा आठवला, आणि चेहऱ्यातला डावा गाल आठवला. तो कायम फुगलेला असतो.

आत्यालाही बीपी आहे. मामांच्यानंतर तिने तपासून घेतलं होतं. आरोग्य केंद्रातल्या गोळ्या ती एक दिवस न चुकवता घेते, कारण औषधाविना बीपी राहिलं की काय होतं ते तिने डोळ्यांनी पाहिलं आहे. दिवाळीला आली तेव्हा ती म्हणाली होती, "गोळी लागूच पडंना बघ. डॉक्टरनं अजून एक वाढीवली. पाय बी सुजत्यात." आणि बोलता बोलता काडी एका गालातून दुसऱ्या गालात गेली होती.

हे मी बोलून दाखवल्यावर मम्मीने फोनसाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

"मी फोन करते," मी म्हणाले.

केलाही. आत्याने माझ्या तब्येतीचं विचारलं, दवाखान्यात काय खायला देत होते ते विचारलं, सगळ्या शेळ्यांचं सांगितलं. आणि शेवटी तिने नेहमीचंच विचारलं, "काडी संपली आसंल की. धाडू का?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. पण ते सगळं इंग्रजीत होतं, आणि मराठीत करायला गेलं की आरोपासारखं होत होतं. "नको, आहे अजून," मी म्हणाले आणि फोन ठेवला. दुसऱ्या वेळीही तसंच झालं. तिसऱ्या वेळी पप्पांनी फोन माझ्या हातातून घेतला, नुसतं "बरी आहेस ना ताई" म्हणाले आणि त्यांनीही ठेवला. शनिवारी मी माळीवाडा स्टँडवरून पाथर्डीच्या एसटीत बसले.

चहा

पाथर्डीहून जीपने वाडीवर पोचले. अर्धी घरं कुलपात होती, माणसं तोडीला गेलेली. आत्या अंगणात शेळीला पाला टाकत होती.

"अगं माय! एकली आली व्हय? फोन तरी करायचा. बाप कुठंय?"

"मीच आले."

"रोडावली लई. बस, बस. चहा टाकते."

मी बाहेर बाजेवर बसले. आत्याने चहा आणला, कप माझ्या हातात दिला आणि समोर पायरीवर बसली. वास आला. गोड, मातीसारखा, ओळखीचा.

"तुज्यासाठी खास टाकलंय," ती म्हणाली. "काडी कुटून पूड करून ठिवते म्या आता. रोज चहात. साखर बी कमी लागती."

कप गरम होता. आत्याकडचा चहा कुणी परत करत नाही. केला तर ते ती वर्षानुवर्षं लक्षात ठेवते, मम्मीने परत केलेला एक कप ती अजून विसरलेली नाही. मी कप बाजेवर ठेवला.

"आत्या, मी हा चहा पिणार नाही."

"का गं? सावेडीत चहा बी सुटला का?"

"ज्येष्ठमधामुळे माझं बीपी वाढलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं. बंद केल्यापासून उतरतंय."

 आत्याच्या गालातली काडी हलायची थांबली.

"म्हंजी," ती हळू म्हणाली, "म्या तुला इख घातलं?"

मी या प्रश्नाची एसटीत बसून तयारी केली होती. नाही, तसं नाही, तुझा दोष नाही, असं सगळं. त्यातलं एकही वाक्य बाहेर आलं नाही.

"तू स्वतः खातेस तेच मला दिलंस," मी म्हणाले. "म्हणूनच आलेय. तुझी गोळी लागू पडत नाही ना? पाय सुजतात ना? कदाचित हेच असेल. कदाचित नसेल. मला माहीत नाही आत्या. पण तू मामांसारखी पडू नकोस."

शेवटचं वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. ते बाहेर पडल्यावर मला वाटलं, आता ती उठून आत जाईल. ती उठली नाही. शेळी येऊन बाजेवरच्या कपाला हुंगू लागली.

"ए, हाट!" आत्याने कप उचलला. "तिचं बी वाढंल."

मग तिने दोन बोटांनी गालातली काडी काढली. ती चोथा झालेली, तंतू सुटलेली काडी तिने उन्हात धरून बघितली. "फडात भूक लागली का म्या हेच धरायची," ती म्हणाली. "भाकर उशिरा यायची. गोड लागायचं, भूक मरायची. आवाजाचं नंतरचं." आणि काडी चुलीच्या राखेत टाकली.

थोड्या वेळाने तिचा आवाज नेहमीसारखा झाला. "मंग आता तोंडात काय धरू? तुज्या मम्मीचं नाव?"

मी इतकी हसले की मला ठसका लागला.

"आन् हे तिला सांगू नगंस, म्या हसले म्हनून. म्हनंल, चुकली ती चुकली, वर हसती."

मी मुक्काम केला. सोमवारी सकाळी आम्ही दोघी आरोग्य केंद्रात गेलो. रांगेत आत्याच पुढे होती. तिथल्या डॉक्टरांना मीच सांगायचं असं आमचं ठरलं होतं, आणि मी सांगायला सुरुवात केलीही होती. पण आत्याला धीर नव्हता. "सायेब, म्या ही काडी खाते रोज, चहात बी आन् गालात बी, औषीद न्हाई म्हनून तुमाला सांगितलीच न्हाई," असं तिने साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा फडातल्या आवाजात सांगितलं. रांगेतल्या दोन बाया आपापल्या पिशव्या चाचपू लागल्या.

डॉक्टर म्हणाले, बंद करा, गोळ्या चालू ठेवा, महिन्याने दाखवा.

काय उरलं

माझी एक गोळी बंद झाली. दुसरी अर्धी राहिली. बीपी खूप उतरलं, पण पूर्ण उतरलं नाही. डॉक्टर म्हणतात, घराण्यात आहे, थोडं तुमचं स्वतःचंही असेल. म्हणजे यातलं किती काडीचं आणि किती माझं, हे मला अजूनही कळलेलं नाही. पहिल्यांदा वाटलं होतं तितकं ते महत्त्वाचं राहिलेलं नाही, तरी पहाटे फेऱ्या मारताना तो प्रश्न येतोच. फेऱ्या चालू आहेत. मीठ घरात परत आलं, पण कमी आलं, आणि लोणचं माळ्यावरच आहे. पप्पांची पुडी मम्मीला सापडली.

कुणी डॉक्टरांनी विचारलं, काय काय घेता, तर जे औषध वाटत नाही तेही सांगा. काढा, पूड, काडी, आत्याने दिलेलं, आजीने दिलेलं. प्रेमाने दिलेलं असतं म्हणून ते मोजणीत धरायचं राहून जातं.

आत्याचे आकडे जरा खाली आलेत. गोळ्या आहेतच. पायाची सूज मात्र गेली, असं ती म्हणते, आणि पैंजण परत बसतं म्हणून खूश आहे. रिकाम्या गालाची तिला अजून सवय नाही. मलाही नाही. वर्गात आवाज बसला की मी फळ्यावर लिहिते, मुलं वाचतात. स्टाफरूममध्ये कुणी विचारलं तर बोलावं लागतं.

परवा आत्याचा फोन आला. शेळ्या, ऊन, मम्मीची चौकशी, सगळं झालं. शेवटी ती थांबली. मला कळलं ती हसू दाबतेय.

"काडी संपली आसंल की. धाडू का?"

"नको आत्या," मी म्हणाले. "मला नको आणि तुलाही नको."

"बरं," आत्या म्हणाली. "मंग बोल अजून. फोन नगं ठिवूस लगीच."